उन्हावरची घरपट्टी

१२ जानेवारी

दादा,

‘प्रिय’ हा शब्द मुद्दाम गाळला आहे. घाईत राहून गेला असं समजू नकोस.

माझं अक्षर बघून तू पाकीट आधी बाजूला ठेवलं असशील, चहा घेतला असशील, आणि मग फोडलं असशील. घाबरू नकोस, काही मागायला लिहीत नाहीये. आई गेल्यापासून आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते चांगलं अंगवळणी पडलं होतं. पण आता तुला लिहायला असं झकास कारण मिळालं आहे की ते दुसऱ्या कुणाला सांगून मजा नाही.

मी निवडून आले. हे तुला कळलं असेलच, कारण तुझ्या कोल्ड स्टोरेजचा चौकीदार माझ्याच वॉर्डात राहतो आणि त्याचा चष्मा माझ्याकडचा आहे. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईला कोण मत देणार, असं तू त्याच्यासमोर म्हणाला होतास. त्याने दिलं. माझ्या खुर्चीत बसून, एक डोळा झाकून, पाटीवरची अक्षरं वाचता वाचता लोक किती बोलतात याची तुला कल्पना नाही. आणि गेली काही वर्षं सगळ्यांचं रडगाणं एकच होतं. छतावर सोलर बसवलं की घरपट्टी वाढते. घराला नवी खोली काढल्यासारखी ती पॅनेल मोजतात, घराची किंमत वाढली म्हणतात, आणि विजेचं बिल कमी झालं म्हणून माणूस जरा हसतोय तोवर घरपट्टीचा नवा आकडा दारात हजर. मी एवढंच म्हणाले, मला निवडून द्या, उन्हावरची ही पट्टी मी काढून टाकते. दुसरं भाषण मला येत नव्हतं, तेच घेऊन गल्लोगल्ली फिरले.

आता नीट वाच. सरकारने कायदा बदलला आहे. छतावरच्या सोलर सामानाला घरपट्टीतून सूट द्यायची की नाही, हे यापुढे ज्या त्या नगरपालिकेने ठरवायचं. आमच्याकडे ठराव मार्चमध्ये येतोय. मला सोडून निम्मे सदस्य बाजूने, निम्मे विरोधात. विरोधवाले काही राक्षस नाहीत, उत्पन्न घटलं तर गटारं आणि रस्त्यावरचे दिवे कशातून करायचे हा त्यांचा प्रश्न आहे. पण त्यामुळे झालं असं आहे की माझं एक मत ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकणार.

काल कर समितीच्या बैठकीत शहरातली मोठी सोलर छतं पडद्यावर दाखवली. पहिलंच छत तुझं. वरून काढलेला फोटो, पांढरा पत्रा आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी पॅनेल. सचिव म्हणाले, ‘सूट मिळाली नाही तर या माणसाचं कंबरडं मोडणार.’ मी पाणी मागितलं. चेहऱ्यावरचा आनंद लपवायला पेला हवा होता.

हे छत तू कर्ज काढून भरलंस हे मला माहीत आहे. सूट मिळणारच असं धरून काढलंस हेही. हिशेबात तू लहानपणापासून पक्का. यावेळी फक्त मला धरायचं राहून गेलं.

तुझी बहीण (कागदोपत्री अजून आहे, म्हणून लिहिलं)


३ फेब्रुवारी

दादा,

वहिनी दुकानात येऊन गेली. ‘यांनी पाठवलेलं नाही हं’ असं तिने आल्या आल्या सांगितलं, बसताना सांगितलं आणि पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा सांगितलं, तेव्हा माझी खात्रीच पटली.

‘जवळचं दिसत नाही गं हल्ली,’ म्हणाली.

मी तिला वाचायचा तक्ता दिला. तिने सगळ्यात बारीक ओळ तर वाचलीच, वर खाली कोपऱ्यात छापखान्याचा पत्ता आहे तोही घडाघडा वाचून दाखवला.

‘वहिनी, तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.’

‘मग डोकेदुखीवर काहीतरी दे.’

‘तुझी डोकेदुखी घरी सोफ्यावर बसली आहे. तिच्यावर माझ्याकडे काच नाही.’

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. सूट नाही मिळाली तर बँक कोल्ड स्टोरेजवर जप्ती आणेल, कामावरची माणसं रस्त्यावर येतील, तुला रात्र रात्र झोप नाही, सगळं बोलली. मी तिला चष्मा पुसायचं मऊ फडकं दिलं, दुसरं काही हाताशी नव्हतं. ती चांगली बाई आहे. तुझ्या वाट्याला कशी आली हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

जाताना म्हणाली, ‘तुमचं बिनसलं तरी कशावरून? हे म्हणतात, चिमीने स्वतःहून सही केली आणि मग फुगून बसली.’

म्हणजे तू तिला सांगितलेलंच नाहीस. इतकी वर्षं एका घरात राहून नाही. ठीक आहे, मी लिहिते. हे पत्र तिच्या हाती पडेल अशी माझी फार इच्छा आहे.

आईच्या फुप्फुसांनी दगा दिला, आपल्या दोघांच्या नावावरच्या त्या जुन्या घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. वीज गेली की मशीन बंद. मग आई माझ्याकडे बघायची, बोलायची नाही, नुसती बघत राहायची. म्हणून मी दुकानातली सगळी शिल्लक घालून गच्चीवर पॅनेल आणि बॅटरी बसवून घेतली. तू आलास, पॅनेलवर हात फिरवलास, ‘छान केलंस, चिमे’ म्हणालास. त्यानंतर महिनाभरात एकदा मी दुपारची जेवायला घरी आले तर जिन्यात कुणाची तरी कातडी बॅग. वर गेले. गच्चीवर घरपट्टीवाले साहेब टेप घेऊन उभे, आणि टेपचं दुसरं टोक तुझ्या हातात. तू गुडघ्यावर बसून म्हणत होतास, ‘साहेब, इकडे अजून फूटभर आहे.’

ते फूटभर मी विसरलेले नाही. साहेब विसरून चालले होते, तू आठवण करून दिलीस.

घरपट्टी वाढली, वर पॅनेल न कळवता बसवली म्हणून दंड. माझे पैसे गच्चीवर चिकटलेले. तेव्हा तू पुढे आलास. मी भरतो म्हणालास, फक्त तुझा हिस्सा माझ्या नावावर कर. तुला त्या घरावर कर्ज काढून कोल्ड स्टोरेजची पहिली शेड बांधायची होती आणि माझं नाव मध्ये येत होतं. आई याच घरात राहील असं तू म्हणालास, म्हणून मी सही केली. पुढे काय झालं? कर्ज झालं, घर एका कचेरीला भाड्याने गेलं, आणि आई देखभाल केंद्रात गेली. सहा खाटांची खोली, तिची खाट दाराजवळची, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागणारी. तिथे तिने पहिली थंडीसुद्धा काढली नाही.

आणि लोक माझ्या काउंटरवर येऊन मला सांगायचे, ‘भाऊ असावा तर असा. बहिणीची थकलेली पट्टी भरली हो त्याने.’ मी त्यांच्या कानावर चष्म्याच्या काड्या नीट बसवायची आणि ‘हो ना’ म्हणायची. अकरा वर्षं म्हणतेय.

वहिनीला तक्त्याची गरज नाही. हे ती सहज वाचेल.


२१ फेब्रुवारी

दादा,

तू वकिलाकरवी निरोप पाठवलास की ‘घरगुती गोष्टी सभागृहात आणू नयेत.’ मला हसू आवरेना. आपल्या घरगुती गोष्टीत नगरपालिकेचा टेप आधी कुणी आणला?

खरं सांगते, मी तुला वगळायचा प्रयत्न करून पाहिला. घरांच्या छतांना सूट द्या आणि मोठ्या धंदेवाल्या छतांना नको, अशी दुरुस्ती मी लिहून दिली होती. छोटी माणसं सुटली असती आणि तू अडकला असतास. दोन दिवस मी हवेत होते. मग पालिकेच्या वकिलांनी कायदा उघडून दाखवला. सूट द्यायची तर सगळ्या सोलर सामानाला, छत कुणाचंही असो. नाहीतर कुणालाच नाही. मध्येच रेघ मारायची सोय नाही.

तर आता तू आणि माझ्या खालच्या नर्सबाई एकाच ठरावात आहात. नर्सबाई म्हणजे माझी घरमालकीण. मी वर राहते आणि खाली त्यांचं पाळणाघर आहे. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी छतावर पॅनेल टाकली, त्यावर मुलांच्या खोलीतले पंखे आणि दुधाचा फ्रीज चालतो. सकाळी आठला पहिलं भोकाड सुरू होतं आणि माझी जमीन हादरते. माझ्या प्रचारात सगळ्यात जास्त त्याच फिरल्या, गुडघे दुखत असताना. ‘बाई, तुम्ही आत गेलात की आमचं काम झालंच’ असं त्या दर भेटीला म्हणतात.

त्यांच्यासाठी हात वर केला की तूही वाचतोस. हे माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून एक सौदा.

१५ मार्चला सकाळी जनसुनावणी आहे. ज्याला बोलायचंय त्याला माइक मिळतो. मतदान त्याच दिवशी दुपारी. तू यायचंस, भरल्या सभागृहात उभं राहायचंस आणि तीन गोष्टी सांगायच्यास. साहेबांना गच्चीवर तूच घेऊन गेलास. कशासाठी नेलंस. आणि त्यानंतर आईला कुठे ठेवलंस. ‘चूक’, ‘गैरसमज’, ‘परिस्थिती’ हे शब्द वापरायचे नाहीत. तू हे बोललास तर मी ठरावाच्या बाजूने हात वर करीन. हा माझा शब्द आहे.

नाही बोललास तर छत विकायला काढ.


११ मार्च

दादा,

काल दुपारी तू दुकानात आलास आणि सरळ तपासायच्या खुर्चीत बसलास. तोंडाने बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून काल काय ठरलं ते लिहून ठेवते. नंतर ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणायला जागा नको.

तू जाडा झाला आहेस. तुझा नंबर वाढला आहे आणि तू जुनाच चष्मा रेटतो आहेस. गिऱ्हाईक म्हणून सांगते, बहीण म्हणून नाही.

‘‘परिस्थिती’ म्हणायचं नाही,’ तू म्हणालास, ‘मग ‘तेव्हा जरा अडचण होती’ हे चालेल?’

‘नाही.’

‘अगं, पाच मिनिटं मिळतात. तीन वाक्यं बोलून उरलेल्या वेळात काय करू?’

‘गप्प उभा राहा.’

तू हसलास. मलाही हसू आलं होतं, ते मी काच पुसायच्या निमित्ताने खाली वाकून गिळलं. हे मुद्दाम कबूल करते, कारण तुझी हीच खोड मला सगळ्यात जास्त छळते. तू माणसाला हसवतोस आणि माणूस विसरतो की आपण कशासाठी भांडत होतो. आई विसरायची. मी विसरणार नाही.

‘वहिनी महिनाभर बोलत नाही माझ्याशी,’ तू म्हणालास.

‘मला भेटायला हवं तिला,’ मी म्हणाले.

मग तू उठताना विचारलंस, ‘चिमे, मी बोललो तर तू नक्की हात वर करशील?’

‘मी शब्द दिला आहे.’

‘तेवढं पुरे,’ म्हणालास आणि निघालास. दारातल्या पायरीला अडखळलास. नंबर वाढला आहे, सांगितलं ना.

आता खरं काय ते ऐक. गेले कित्येक दिवस मी रोज झोपण्याआधी ते दृश्य डोळ्यांसमोर आणते. तू माइकसमोर, तुझी मान खाली, आणि सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. लोक एकमेकांकडे बघतात, मग तुझ्याकडे. ज्यांनी मला माझ्याच काउंटरवर तुझी थोरवी ऐकवली ते सगळे समोर बसलेले आहेत आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं आहे. मला एवढंच हवं आहे. फार नाही.


१६ मार्च

दादा,

तू काल जे बोललास ते मी शब्दन् शब्द ऐकलं. पहिल्या रांगेत होतास, नवा शर्ट घातला होतास.

तू सुरुवात नीट केलीस. ‘अकरा वर्षांपूर्वी घरपट्टीच्या साहेबांना मी स्वतः माझ्या बहिणीच्या गच्चीवर नेलं. तिने आमच्या आईच्या ऑक्सिजनसाठी पॅनेल बसवली होती. मला तिचा हिस्सा हवा होता.’ सभागृह खरंच गप्प झालं. मी मनात म्हणत होते, बोल, पुढे बोल. तू बोललास. देखभाल केंद्र, सहा खाटा, दाराजवळची खाट, सगळं सांगितलंस. पत्रातले माझेच शब्द होते, पण तुझ्या तोंडून.

आणि मग तू थांबायला हवं होतंस.

‘आईला माहीत होतं,’ तू म्हणालास. ‘आम्ही वर गेलो तेव्हा ती जागी होती. तिने मला पाहिलं. पण तिने मला शेवटपर्यंत विचारलं नाही.’ आणि तू रडायला लागलास.

हे आपल्या सौद्यात नव्हतं, दादा. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. गच्चीवरचं मी आईला कधी सांगितलं नव्हतं, अकरा वर्षं मी समजत होते की तिला तू फसवलंस. आणि ती सगळं ठाऊक असून तुला पाठीशी घालत राहिली, माझ्यासमोर, मी तिच्या नाकाला नळी लावत असताना. हे मला एका माइकवरून, दोनशे माणसांबरोबर कळलं.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. एक वाजली, चार वाजल्या, आणि सगळं सभागृह. उभे राहून वाजवत होते लोक! एका आजीबाईंनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या शेजारचे सदस्य माझ्या कानाशी म्हणाले, ‘केवढं मोठं मन लागतं हो असं बोलायला.’ अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे टिपले. तो चष्मा मी बनवलेला आहे.

माझा सूड मी अकरा वर्षं जपला होता. तो तू सगळ्यांदेखत उचललास आणि त्याचा हार करून स्वतःच्या गळ्यात घातलास. तू खरं बोललास की छान बोललास, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित तुलाही कळलेलं नसेल.

दुपारी अध्यक्ष म्हणाले, बाजूने असलेल्यांनी हात वर करा. माझा हात टेबलावर होता, मी त्याच्याकडे बघत होते. नर्सबाई मागे बसल्या होत्या, त्यांनी खाकरून माझं लक्ष वेधायचा प्रयत्न केला. मग अध्यक्ष म्हणाले, विरोधात. मी हात वर केला. सगळ्यांच्या आधी केला, उंच केला.

ठराव एका मताने पडला. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर बरं वाटलं असतं.

मी शब्द मोडला. आयुष्यात पहिल्यांदा मोडला आणि तो तुझ्यासाठी मोडला. काल घरी येताना मला हलकं वाटत होतं. रात्रभर वाटत होतं. आज सकाळी खाली पाळणाघर उघडलं, आणि मी जिना उतरायला घाबरले.


२९ मार्च

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ लिहिलीस, ‘चिमे, आता समाधान झालं का?’

नाही झालं.

दुकानात गिऱ्हाईक येतं, पण बोलत नाही. अक्षरं वाचतात, नंबर घेतात, जातात. परवा तुझा चौकीदार आला, काड्या सैल झाल्या होत्या. मी त्या आवळून दिल्या, तर ‘किती झाले?’ म्हणाला. एरवी मी त्याचे कधी घेत नाही हे त्याला माहीत आहे. पैसे ठेवून गेला.

नर्सबाईंनी आरडाओरडा केला असता तर मी तोडीस तोड दिलं असतं. त्या गुडघे धरून जिना चढून वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

‘बाई, तुमचं भावाशी मिटलं का?’

‘नाही.’

‘मग आमची छतं कशात खर्ची पडली?’

मी त्यांना आत या म्हणाले. त्या आल्या नाहीत. एप्रिलपासून नवी मोजणी सुरू होतेय, तिच्याआधी पॅनेल उतरवतेय म्हणाल्या. वाढलेली पट्टी भरायची तर मुलांची फी वाढवावी लागेल, आणि ज्या आया त्यांच्याकडे मुलं ठेवतात त्यांना ती झेपणार नाही. पंखे विकतच्या विजेवर चालवायचे तर बिलापायी पुन्हा तेच. ‘पंख्यावाचून काढू उन्हाळा,’ म्हणाल्या, ‘आमच्या लहानपणी कुठे होते पंखे.’ आणि गेल्या.

दोन दिवस माझ्या डोक्यावर पान्यांचा आणि स्क्रूंचा खडखडाट चालू होता. पॅनेल खाली उतरवताना एकेक माझ्या खिडकीवरून गेलं. ती आता जिन्याखाली चादर घालून उभी आहेत. मुलं व्हरांड्यात झोपवतात, घामाने भिजून उठतात, आणि त्यांच्या आया त्यांना उचलताना वर माझ्या खिडकीकडे बघतात. मी पडदा लावला. मग वाटलं, पडदा लावून बसायला मी काय चोर आहे? आणि तो बाजूला केला. मग पुन्हा लावला.

तेव्हा मला कळलं की ज्या रागाला मी एवढं खाऊपिऊ घातलं, तो माझ्याही हातात राहिला नव्हता. तू माझ्या गच्चीवर केलंस ते एका घराचं होतं. मी सबंध शहराच्या गच्चीवर केलं, आणि तेही माइकसमोर. हे वाचून खूश होऊ नकोस. तुझं पाप त्याने कमी होत नाही, मी मोजून पाहिलं आहे.

पालिकेच्या सचिवांकडे गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता नियम सांगितला. पडलेला ठराव वर्षभर परत येत नाही. अपवाद एकच, विरोधात मत दिलेल्या सदस्याने स्वतः मागणी केली तर महिन्याच्या आत फेरमतदान घेता येतं. म्हणजे बाजूने हात वर करणारे सगळे मिळूनही तो परत आणू शकत नाहीत. आणि विरोधातले बाकीचे आणणार नाहीत, त्यांना त्यांची गटारं प्यारी. उरले मी.

काल मागणी केली. शुक्रवारी मतदान आहे. नर्सबाईंना सांगितलं, त्या ‘बघू’ म्हणाल्या. माझ्या शब्दाची आता तेवढीच किंमत आहे.

आता तुझं. सूट सगळ्या छतांना, हे तू जाणतोसच. म्हणजे तू वाचणार. याचा मला इतका संताप आला होता की मागणी लिहिताना पेनाची निब वाकली. पण आज सकाळी दुकानाचं शटर वर करताना मला एक गोष्ट सुचली आणि पुष्कळ दिवसांनी मी मनापासून हसले. कोल्ड स्टोरेज बुडालं असतं तर तू बिचारा झाला असतास. लोक हळहळले असते, तुझ्या दारात येऊन बसले असते. बिचारा व्हायला तुला फार छान जमतं. आता ते होणार नाही. तुझं छत राहील, शेड राहील, माणसं कामावर राहतील, आणि ते सगळं मी वाचवलं हे अख्ख्या शहराला माहीत असेल. बँकेतला माणूस तुला म्हणेल, ‘बहिणीमुळे निभावलं हो.’ वहिनी जेवताना म्हणेल. चौकीदार म्हणेल. आणि तू म्हातारा होईपर्यंत तुला मान डोलवावी लागेल. जप्तीतून माणूस सुटतो, दादा, यातून मी तुला सुटू देणार नाही.

आभाराचं पत्र पाठवू नकोस, न फोडता परत करीन. आईबद्दल अजून काही माहीत असेल तर ते मात्र लिही. माइकवर नको, कागदावर.

आणि शुक्रवारी सभागृहात येऊ नकोस. वहिनीलाही पाठवू नकोस. अध्यक्ष आधी ‘बाजूने’ म्हणतील आणि मग ‘विरोधात’. मला पहिल्याला हात वर करायचा आहे, मनापासून करायचा आहे, खाली ती पोरं उकाड्यात झोपतात. पण तू समोर दिसलास तर तो कधी वर जाईल याची मला स्वतःला खात्री नाही.